हॅरल्ड रसेल : दोन हुक, दोन ऑस्कर. याला अभिनय म्हणायचं का?

घोडबंदरकर
मंडळी, आमच्या कावेसरच्या सोसायटीत महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये जुना सिनेमा दाखवतात. येत्या शनिवारी 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज्' (१९४६) आहे आणि आधी दहा मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दिग्दर्शक विल्यम वायलर, पटकथा रॉबर्ट शेरवूड, कॅमेरा ग्रेग टोलंड, निर्माता सॅम्युअल गोल्डविन. युद्धावरून घरी परतलेल्या तिघांची गोष्ट. मला बोलायचंय ते त्यातल्या एकाच माणसाबद्दल, हॅरल्ड रसेल.

जन्म १९१४, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. वाढला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. पर्ल हार्बरनंतर सैन्यात गेला, सुरुंग-स्फोटकांचं प्रशिक्षण द्यायला लागला. ६ जून १९४४ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प मॅकॉलमध्ये सदोष फ्यूजमुळे टीएनटी हे स्फोटक हातातच उडालं. दोन्ही हात गेले. वॉल्टर रीड रुग्णालयात प्लास्टिकचे हात की स्टीलचे हुक असं विचारल्यावर त्याने हुक घेतले. पुढे या सिनेमात होमर पॅरिश नावाच्या खलाशाचं काम केलं आणि मार्च १९४७ मध्ये त्या एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाली: एक सहायक अभिनेत्याचं, एक मानद. एका भूमिकेला दोन, असं आजवर दुसऱ्या कुणाचंच झालेलं नाही.

प्रश्न तीन. पहिला: जो माणूस आयुष्यात जे झालं तेच पडद्यावर दाखवतो, तो 'अभिनय' करतो का? दुसरा: ते हुक चालतात कसे? बॅटरी नाही, मोटर नाही, मग उघडतात कशाने? आमच्याकडची पोरं हमखास विचारणार. तिसरा: सिनेमा १७२ मिनिटांचा आहे, दाखवताना काय काळजी घ्यायची?

टाकीवाला
पहिल्या प्रश्नाला नंतर येतो, आधी पार्श्वभूमी. मूळ पुस्तक मॅकिन्ले कँटरचं, तेही पद्यात. त्यात होमरचे हात गेलेले नाहीत. मेंदूला इजा होऊन त्याचं शरीर झटके देतं, बोलणं नीट होत नाही. हे नटाकडून करून घेतलं तर लोक एकतर हसतील नाहीतर तोंड फिरवतील, ही धास्ती होतीच. त्याच सुमारास लष्कराने हात गमावलेल्या सैनिकांसाठी 'डायरी ऑफ अ सार्जंट' नावाचा माहितीपट केला होता. त्यात रसेल होता. वायलरने तो पाहिला आणि पात्रच बदलून टाकलं.

पुढची गंमत अशी की गोल्डविनने रसेलला अभिनयाच्या शिकवणीला पाठवलं, आणि वायलरला कळल्यावर तो भडकला. त्याला शिकवलेला रसेल नकोच होता.

कळवा_खाडी
धाग्यात हात गमावलेल्या सैनिकांचं चाललंय, पण रसेल लढाईत जखमी झालाच नव्हता. सरावात झाला. सिनेमातला होमर मात्र बुडालेल्या जहाजावरचा. प्रेक्षकांना हे सांगणार ना?

फौजी_डोंबिवली
@कळवा_खाडी, सांगावंच. पण 'झालाच नव्हता' हा सूर पटला नाही. ती तारीख बघा, ६ जून १९४४. त्याच दिवशी नॉर्मंडीचं आक्रमण झालं. तिकडे उतरणाऱ्यांना सुरुंग कसे लावायचे-काढायचे हे शिकवणारे रसेलसारखेच होते. शिवाय स्फोट झाला तेव्हा तो प्रशिक्षणाच्या फिल्मसाठीच काम करत होता. म्हणजे कॅमेऱ्याशी संबंध हॉलिवूडच्या आधीचा.

आपल्या सैन्यातही पेन्शनच्या हिशेबात हा फरक करतात. ड्युटीवरचा, सरावातला अपघात सहसा 'सी' वर्गात, शत्रूशी लढतानाची जखम 'ई' वर्गात. 'ई' ला वॉर इंज्युरी पेन्शन, ते जास्त. पण 'सी' वाल्याचं अपंगत्वही सेवेमुळेच आलेलं धरतात, तो काही दुय्यम सैनिक ठरत नाही. कागदाचा घोळ सुरू होतो तो इंज्युरी रिपोर्टपासून: त्यात 'ड्युटीवर' असं स्पष्ट लिहिलेलं नसलं की मेडिकल बोर्डात केस अडकते आणि मग वर्षानुवर्षं ट्रायब्युनल. ठाणे जिल्ह्यातल्या कुणाचं अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाची प्रत घेऊन जावं. झेरॉक्स दोन संच.

टाकीवाला
त्या सेटवर जखमी माणूस एकटा रसेल नव्हता. वायलर स्वतः हवाई दलासाठी फिल्म करत होता. १९४५ मध्ये इटलीत बी-२५ विमानातून चित्रण करताना इंजिनाच्या आवाजाने त्याचं ऐकणं गेलं, एका कानाचं तर कायमचं. घरी परत येणं म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

सॉकेटवाली
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, जरा लांबेल.

रसेलचे हुक हे 'स्प्लिट हुक' प्रकारचे. हुकला दोन बोटं असतात, एक पक्कं, एक हलणारं. याचं पेटंट डोरन्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१२ मध्ये घेतलं. लाकडाच्या गिरणीत त्याचा स्वतःचा हात गेला होता. आजही वर्कशॉपमध्ये जो हुक हातात घ्याल त्याची मूळ रचना तीच.

बोटांच्या बुडाशी जाड रबरी कड्या चढवलेल्या असतात. त्यांच्यामुळे हुक एरवी मिटलेला राहतो. एक कडी म्हणजे टोकाशी ढोबळमानाने अर्धा किलोची पकड. हलक्या कामाला दोन-तीन पुरतात, जास्त पकड हवी तर वाढवायच्या. पण जितकी पकड वाढवाल तितका उघडायला जोर जास्त, कारण उघडायचं काम माणसाच्या खांद्याने होतं.

हलणाऱ्या बोटाला बाहेर एक खुंटी असते, त्याला स्टीलची केबल. ती सायकलच्या ब्रेकच्या केबलसारखीच कव्हरमधून दंडावरून मागे पाठीवर जाते आणि हार्नेसच्या (खांद्यांभोवती बांधायच्या साजाच्या) पट्ट्याला जोडलेली असते. हात पुढे केला किंवा दोन्ही खांदे पुढे घेतले की पाठ रुंदावते, केबल ओढली जाते, हुक उघडतो. पूर्ण उघडायला साधारण ५ सेंटिमीटर ओढ लागते. खांदा सैल सोडला की रबर हुक मिटवतं. बस्स, एवढंच यंत्र.

एकच हात गेलेल्या माणसाला हार्नेसची एक फास धडधाकट बाजूच्या काखेत अडकवता येते. रसेलचे दोन्ही गेलेले. म्हणजे डाव्या हुकची केबल उजव्या बाजूच्या पट्ट्यावर ओढायची आणि उजव्याची डाव्यावर. एक हुक उघडताना दुसरा खांदा जागेवर घट्ट धरावा लागतो. धरला नाही की भलताच हुक उघडतो आणि हातातली वस्तू खाली. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त इथेच बिनसतं. दुसरी अडचण उंचीची: हात डोक्यावर नेला की केबल आपोआप ताणली जाते, म्हणून वरच्या फळीवरचा डबा काढताना हुक ऐनवेळी उघडतो. मागे पाठीशी आणि तोंडाजवळही हुकवर ताबा ठेवणं अवघड.

हुक मनगटाच्या जागी आट्यांनी बसतो, अर्धा इंच व्यासाचा, इंचाला वीस आटे. तिथे रबरी वॉशर असतो, त्याच्या घर्षणावर हुक फिरवून हव्या त्या कोनात ठेवायचा. कोन बदलायला दुसरा हुक वापरायचा नाहीतर टेबलाच्या कडेवर दाबायचा. वॉशर झिजला की जड वस्तू उचलताना हुक गर्रकन फिरतो.

आणि रसेलचे कोपर शाबूत होते, हे फार मोठं. कोपराच्या वर गेलेल्यांना त्याच एका केबलवर आधी कोपर वाकवायचं, मग वेगळ्या केबलने कुलूप लावायचं, मग पुन्हा पहिल्या केबलने हुक उघडायचा.

मामलेदार_तिखट
ताई, सगळं समजलं. मूळ मुद्दा राहिला. हुकने मिसळ खाता येते का?

सॉकेटवाली
@मामलेदार_तिखट येते की! पाव सोपा, मऊ असतो, फक्त रबर जास्त चढवलेलं असेल तर चपटा होतो. चमचा अवघड. स्टीलच्या हुकमध्ये स्टीलचा गोल दांडा फिरतो आणि तर्री शर्टावर. म्हणून चमच्याच्या दांड्यावर रबरी नळी चढवतात, किंवा बोटांना आतून रबराचं अस्तर असलेला हुक घेतात. चपट्या, रुंद दांड्याचा चमचा सर्वात बरा. वाडगा जड हवा, खाली ओलं फडकं, नाहीतर सरकतो. तेल मात्र रबराचा शत्रू. तर्री लागली की कड्या पुसायच्या, नाहीतर फुगून महिन्याभरात सैल पडतात.

घोडबंदरकर
ताई, हे सोनं आहे. आता सांगा, विमानातल्या प्रसंगात होमर बाकी दोघांच्या सिगारेटी काडीने पेटवून देतो. ते किती अवघड?

सॉकेटवाली
काडी म्हणजे परीक्षाच. हुकला स्पर्श कळत नाही. पकड किती बसली हे डोळ्यांनीच बघावं लागतं, थोडं केबलच्या ताणावरून कळतं. काडी बारीक, म्हणून ती टोकाशी धरायची, बोटांच्या मुळाशी धरली तर निसटते. आपली साधी काडेपेटी घेतली तर दुसऱ्या हुकात ती धरायची, पण रबराच्या जोराने खोका चेपतो आणि ड्रॉवर बाहेर येतो. म्हणून हुक पूर्ण मिटू न देता, खांद्याने केबल थोडी ओढून धरून, खोका अर्धवट पकडीत ठेवायचा. आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने काडी ओढायची, ज्याची केबल याच खांद्यावर बेतलेली आहे. वर भाजण्याची भीती नाही हा एक फायदा, स्टीलला काय होतंय.

ट्रेनिंगमध्ये क्रम असतो: आधी लाकडी ठोकळे, मग रबरी चेंडू, मग कागदी कप. नाणं आणि काडी शेवटी.

शून्यलंब
कॅमेऱ्याबद्दल. बुचच्या बारमधला पियानोचा प्रसंग चुकवू नका. पुढे होमर आणि बुच (होगी कारमायकेल) पियानोवर 'चॉपस्टिक्स' वाजवतायत. मध्ये फ्रेडरिक मार्च (परतलेल्या तिघांपैकी दुसरा) उभा. पार मागे कोपऱ्यात टेलिफोनच्या खोपटात डॅना अँड्र्यूज (तिसरा), सिनेमातल्या मार्चच्या मुलीशी संबंध तोडायचा फोन करतोय. गोष्टीचा खरा घाव मागे, इवलासा, आवाजही ऐकू येत नाही. गंमत पुढे. तिन्ही थर स्वच्छ दिसतात. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने १९४८ साली वायलरवर जो लेख लिहिला त्यात या प्रसंगावर बरंच लिहिलंय.

हे कसं जमतं याचं साधं गणित. ३५ मिमी फिल्मवर २४ मिमीची लेन्स लावली आणि छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ठेवलं तर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस लावला की त्याच्या निम्म्यापासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट) २.९ मीटर येतं, म्हणजे दीड मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट. एफ २.८ ला हेच ८ मीटरवर जातं, जवळचं सगळं पुसट. पण २.८ वरून ८ वर यायचं म्हणजे तीन स्टॉप (प्रत्येकाला दुप्पट उजेड), आठपट प्रकाश. त्या काळच्या मंद फिल्मवर एवढा उजेड म्हणजे सेटवर भट्टी. (मोबाइलवर हे फुकटात मिळतं, सेन्सर नखाएवढा असतो. म्हणून आपल्याकडे आता पार्श्वभूमी धूसर करायची फॅशन.)

आता रसेलचा संबंध. सॉकेटवाली ताईंनी म्हटलं की हुकवाल्याला नजर कामावर ठेवावीच लागते. पियानोवर त्याची नजर पट्ट्यांवर खिळलेली असते, मार्चची मात्र सारखी मागे फोनकडे. प्रेक्षकाची नजर या दोघांमध्ये हेलपाटते. कट फारसे न मारता.

आणि हो, टोलंडला या कामासाठी ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं.

नेरूळ_सेक्टर६
सगळे भारावून बोलताहेत म्हणून उलट बाजू मांडतो. रसेलला पुरस्कार मिळाला तो सहानुभूतीचा. युद्ध संपून दीड वर्ष झालेले, मतदार भावनिक. खुद्द अकादमीलाच वाटत होते की स्पर्धेत हा जिंकणार नाही, म्हणून आधीच मानद पुरस्कार ठरवून ठेवला, माजी सैनिकांना आशा आणि धैर्य दिल्याबद्दल. नंतर तो स्पर्धेतही जिंकला आणि पंचाईत झाली. तो नट असता तर पुढे भूमिका केल्या असत्या. त्याने काय केले? बोस्टन विद्यापीठातून १९४९ ला पदवी घेतली आणि सिनेमा सोडला. पुढची ठळक भूमिका थेट १९८० मध्ये, 'इनसाइड मूव्हज्'. स्वतःसारखा माणूस दाखवणे म्हणजे अभिनय नव्हे.

टाकीवाला
@नेरूळ_सेक्टर६, सिनेमा सोडून तो घरी बसला नव्हता. अ‍ॅमव्हेट्स या माजी सैनिकांच्या संघटनेचा तीन वेळा राष्ट्रीय प्रमुख झाला. १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सननी अपंगांच्या रोजगारासाठीच्या अध्यक्षीय समितीचं अध्यक्षपद दिलं. भूमिका मिळाल्या नाहीत हा हॉलिवूडचा दोष की त्याचा? हात नसलेल्या माणसासाठी तेव्हा लिहीत कोण होतं?

आणि 'स्वतःसारखा' हेही तपासा. रसेल सैन्यातला, होमर नौदलातला. रसेलने हुक स्वीकारले, त्यांच्यासकट भाषणं दिली. होमर घरच्यांच्या नजरेने कोमेजतो, बहीण आणि पोरं खिडकीतून डोकावतात म्हणून हुकांनी काच फोडतो. हा वेगळा माणूस आहे.

सॉकेटवाली
मी सिनेमातली नाही, पण नेरूळकरांच्या मुद्द्याला यंत्राच्या बाजूने उत्तर आहे.

वर लिहिलं तसं हुक खांद्याने चालतो. आता नट दुःख, राग, संकोच कशाने दाखवतो? चेहरा, आवाज आणि खांदे. रसेलचे खांदे कामाला लावलेले. हातात ग्लास असताना त्याने हताश होऊन खांदे पाडले तर हुक मिटणार. दचकून खांदे पुढे घेतले तर हुक उघडणार. म्हणजे हातात वस्तू असलेल्या प्रत्येक शॉटमध्ये त्याला भावना मानेच्या वर ठेवावी लागते आणि संवाद म्हणताना केबलचा ताण सांभाळावा लागतो. लोक ज्याला 'सहजता' म्हणतात ती निम्मी यातून आलेली आहे. धडधाकट नटाला खोटे हुक लावले तर तो हे दाखवणारच नाही, कारण त्याचे खांदे मोकळे असतात. सिनेमात नकली हात चटकन ओळखू येतो तो इथेच: वस्तू उचलताना खांदा हलतच नाही.

मग बेडरूमचा प्रसंग बघा. होमर त्याच्या प्रेयसीला, विल्माला (कॅथी ओडॉनेल) खोलीत नेतो आणि झोपताना काय होतं ते दाखवतो. अंग हलवून हार्नेस काढतो, हुक आणि सॉकेट (उरलेला हात ज्यात बसतो तो साचा) सकट सगळं पलंगावर. पायजम्याचा सदरा कसाबसा चढवतो, बटणं लावता येत नाहीत. कोपर आहेत हे नशीब, हेही तोच बोलून दाखवतो. आणि आता दार वाऱ्याने बंद झालं तर आपल्याला उघडता येणार नाही, हे सांगतो. इथे त्याचे खांदे मोकळे आहेत. आणि तो ते जवळजवळ हलवत नाही. सगळं आवाजावर नेतो, तेही न रडता. हे हुक लावलेल्या कुणालाही आपोआप येत नाही. येत असतं तर आमच्या ओपीडीत रोज ऑस्कर वाटावे लागले असते.

कळवा_खाडी
शेवटचं वाक्य जबरी. +१

पाचपाखाडी_पश्चिम
आपल्याकडचं उदाहरण: सुधा चंद्रन. १९८१ च्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या आणि स्वतःच्याच आयुष्यावरच्या तेलुगू 'मयूरी' मध्ये स्वतः काम केलं, पुढे हिंदीत 'नाचे मयूरी'. राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवही झाला. त्यांना कुणी 'हा अभिनय नव्हे' म्हटल्याचं आठवत नाही. आणि त्या आजही काम करतायत.

उलट सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांचं बघा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, भारताचं पहिलं. सिनेमा आला २०२४ मध्ये आणि भूमिका अर्थातच धडधाकट नटाने केली.

शून्यलंब
युद्धात पाय गेलेला नट हवा असेल तर हर्बर्ट मार्शल. पहिल्या महायुद्धात १९१७ ला अरासच्या लढाईत गोळी लागून पाय कापावा लागला. त्याने लाकडी पायावर तीस-चाळीस वर्षं नायक-चरित्र भूमिका केल्या आणि बहुतेक प्रेक्षकांना पत्ताही नव्हता. रसेलच्या बरोबर उलटा मार्ग.

मौज म्हणजे त्याचाही वायलर-टोलंडशी संबंध. 'द लिटल फॉक्सेस' (१९४१) मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका येतो आणि तो औषधासाठी जिना चढतो. पुढे बेटी डेव्हिस खुर्चीत निश्चल. मागचा जिना मुद्दाम धूसर ठेवलाय. सगळं स्पष्ट ठेवणाऱ्या टोलंडने इथे फोकस सोडला. मार्शलला पायामुळे जिना अवघड होता, म्हणून तो क्षणभर चौकटीबाहेर जातो आणि डमी जिना चढतो. धूसरपणामुळे तेही खपून गेलं.

नेरूळ_सेक्टर६
खांद्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, मान्य. पण मग ऑस्कर विकले का? एवढे मोलाचे होते तर.

फौजी_डोंबिवली
@नेरूळ_सेक्टर६, त्याची वस्तू, त्याने विकली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला लिलावात ६०,५०० डॉलर आले, तेव्हाच्या दराने साधारण पंधरा लाख रुपये. बायकोच्या उपचारांसाठी पैसे हवे होते. अकादमीने विकू नको म्हणून विनवलं. नियमाने अडवता येत नव्हतं, कारण 'आधी अकादमीलाच देऊ करा' हा करार १९५० नंतरच्या विजेत्यांना लागू, हा १९४७ चा. आणि विकला तो अभिनेत्याचा पुतळा. सैनिकांसाठीचा मानद पुरस्कार ठेवला. वारला २००२ च्या जानेवारीत, ८८ व्या वर्षी.

सहानुभूतीवर जगणाऱ्या माणसाने उलट केलं असतं.

आकडेमोड
तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही, तेव्हा मी.

सिनेमाचं माप १.३७:१, जवळजवळ चौकोनी. प्रोजेक्टर १६:९. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येणारच, येऊ द्या. दहा फुटी पडद्यावर चित्र सुमारे पावणेआठ फूट रुंद दिसेल. कुणीतरी उत्साही काका उठून 'झूम' किंवा 'फुल' करतील. झूम केलं तर वरून-खालून मिळून चौथाई चित्र जातं, फुल केलं तर होमर जाडा दिसतो. रिमोट खिशात ठेवा.

सबटायटल: मराठी करणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं. प्रोजेक्टरच्या यूएसबी प्लेअरवर जोडाक्षरं तुटतात, म्हणून लॅपटॉपवरून चालवा. एका वेळी दोनच ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं. आणि प्रत किती मिनिटांची आहे बघा. १७२ असेल तर ठीक. १६५ असेल तर ती सेकंदाला २५ फ्रेमची युरोपीय प्रत, तिच्यावर २३.९७६ ची सबटायटल लावली तर शेवटाला सात मिनिटांचा फरक पडतो. सुरुवातीला जुळतंय म्हणून निर्धास्त राहू नका, मधलं आणि शेवटचं एकेक वाक्य तपासा.

मध्यंतर मूळ सिनेमात नाही. दीड तासाच्या आसपास घ्या, पण प्रसंग संपून पडदा काळा होतो तिथेच. पियानोच्या मध्ये नको!

खारघर_हिल्स
अवांतर, पण विचारतो. असा हुक आज ठाणे-नवी मुंबईकडे कुणाला हवा असेल तर? बॅटरीवाले हात लाखांत जातात म्हणे.

सॉकेटवाली
@खारघर_हिल्स, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. केंद्र सरकारची, वर्कशॉप तिथेच. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी. खारघरहून हार्बरने कुर्ला, मग दादर. सोबत आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला. माजी सैनिकांसाठी पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर (कृत्रिम अवयव केंद्र), १९४४ पासूनचं.

महत्त्वाचं म्हणजे उशीर नको. टाके सुकले की लगेच उरलेल्या हाताला क्रेप बँडेज आठच्या आकड्यात, टोकाशी घट्ट, वर सैल, दिवसातून तीन-चारदा सोडून पुन्हा. वर घट्ट बांधलं तर टोक सुजतं आणि सॉकेट बसत नाही. शक्यतो पहिल्या महिन्याभरात हात बसवावा. नंतर माणूस एका हाताने सगळं करायला शिकतो आणि कृत्रिम हात कपाटात जातो. मग प्लास्टरचं माप, साचा, चाचणीचं सॉकेट, पक्कं सॉकेट, शेवटी हार्नेस. सूज उतरली की सॉकेट ढिलं होतं, आत घालायचे मोजे वाढवायचे. तीन मोज्यांनीही हललं तर नवं माप.

आपल्या हवेत घामाने वाट लागते. सुती मोजे रोज दोन, पावसाळ्यात तीन. सॉकेट रात्री साबणाच्या फडक्याने पुसून उघडं वाळवायचं, उन्हात नाही. केबलच्या टोकाला एक जरी तार सुटलेली दिसली तर बदलायची, ती तुटते ती नेमकी लोकलमध्ये दांडी धरलेली असताना. जादा केबल आणि रबरी कड्या घरात हव्यातच.

मोटरचा हात चांगला, पण तो सहसा पाण्यात घालता येत नाही, चार्ज करावा लागतो आणि जड असतो. शेती, स्वयंपाक, गॅरेज अशा कामांना आजही केबलचा हुक सरस.

मामलेदार_तिखट
मध्यंतरात मिसळ ठेवणार का, एवढंच कळवा. जाड दांड्याचे चमचे मी आणतो.

नेरूळ_सेक्टर६
मिसळ असेल तर पाम बीचवरून येईन. पण मत तेच: त्या वर्षीच्या नामांकनांत क्लॉड रेन्स होता, हिचकॉकच्या 'नटोरियस' साठी. शिवाय क्लिफ्टन वेब, चार्ल्स कोबर्न, विल्यम डेमारेस्ट. मी रेन्सला दिले असते. तो निखळ अभिनय. शरीराचा, जखमेचा काही आधार नाही.

टाकीवाला
@नेरूळ_सेक्टर६, साहेब, रेन्स पहिल्या महायुद्धात लंडन स्कॉटिश रेजिमेंटमध्ये होता. हर्बर्ट मार्शलही त्याच रेजिमेंटचा. विमीजवळ विषारी वायूच्या माऱ्यात रेन्सच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. 'नटोरियस' सकट सगळे सिनेमे त्याने एका डोळ्यावर केलेत.

घोडबंदरकर
हे मी भाषणात घेणार.

नेरूळ_सेक्टर६
घ्या. मत तरीही रेन्सलाच.